अनाथ कोणाला म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचा भाऊ काही वर्षांपूर्वी वारला. वहिनीने दुसरं लग्न केलं आणि दहा वर्षांचा भाचा आता आजीजवळ राहतो. शाळेच्या अर्जात ‘विद्यार्थी अनाथ आहे का?’ असा रकाना आहे. तिथे ‘होय’ लिहायचं की ‘नाही’? आई जिवंत असताना मुलाला अनाथ म्हणणं अशुभ आहे, असं घरातल्या एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं आहे. अनाथ, पोरका, निराधार या शब्दांत नेमका काय फरक आहे, हेही ताईंनी विचारलं आहे.

आधी रकान्याचं बघू. ताई, तिथे ‘नाही’ लिहा. त्याखाली ‘वडील हयात नाहीत, मुलाचा सांभाळ आजी करते’ हे स्पष्ट लिहा आणि वडिलांच्या मृत्यू दाखल्याची प्रत जोडा. ‘नाही’ लिहिल्याने मुलाची मदत बुडणार नाही. ती कुठे मिळते ते पुढे सांगतो. शुभ-अशुभाची भीती मात्र काढून टाका. शब्द उच्चारल्याने कोणाचं आयुष्य कमी होत नाही. पण तुमच्या त्या नातेवाइकांना काहीतरी खटकलं आणि ते खटकणं अगदी बरोबर होतं. मुलाची आई आहे, आजी आहे, आत्या आहे. मग हा मुलगा कुठल्या अर्थाने अनाथ?

बालकल्याणाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आणि या एका शब्दाभोवती जितका गोंधळ पाहिला, तितका दुसऱ्या कुठल्याच शब्दाभोवती पाहिला नाही. आईबाप मेलेलं मूल म्हणजे अनाथ, असं बहुतेकांना वाटतं. मुळात शब्दात मरण कुठेच नाही. संस्कृतात ‘नाथ्’ या धातूचा अर्थ मदत मागणं, आर्जव करणं. ज्याच्याकडे मदत मागता येते, ज्याचा आसरा घेता येतो, तो नाथ. असा कोणीच ज्याला नाही तो अनाथ. म्हणजे हा शब्द गेलेल्या माणसांबद्दल काही सांगत नाही. आज हाक मारली तर ओ द्यायला कोणी आहे का, एवढंच तो विचारतो. आपल्या संतांनी विठ्ठलाला ‘अनाथांचा नाथ’ म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात फक्त आईबाप नसलेली लेकरं नव्हती. ज्याला जगात कोणी विचारत नाही असा प्रत्येक माणूस त्यात होता.

हा व्यापक अर्थ फार जुना झालेला नाही. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात सुरू केलेल्या संस्थेचं नाव ‘अनाथ बालिकाश्रम’ होतं. ती पुढे हिंगण्याला गेली. तिथे आसरा कोणाला मिळाला? विधवांना. त्यातल्या कितीतरी जणींचे आईवडील हयात होते. नवरा गेला, सासर तुटलं, माहेरी भार झाल्या, म्हणून त्या ‘अनाथ’. १९०९ साली पुण्यातच ‘अनाथ विद्यार्थी गृह’ सुरू झालं आणि गरीब, होतकरू मुलांच्या शिक्षणाचा आधार बनलं. आज ती संस्था ‘पुणे विद्यार्थी गृह’ या नावाने ओळखली जाते. नावातून तो शब्द गेला हे मला फार योग्य वाटतं. शिकायला आलेल्या मुलाची ओळख विद्यार्थी ही असावी.

त्याही आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे जन्मलेल्या बाळांच्या आया जिवंत होत्या. वडीलही कुठेतरी होतेच. तरीही ती बाळं जगात सर्वांत असुरक्षित होती, कारण त्यांच्या आईलाच समाजाने आसरा नाकारला होता. तिथे जन्मलेल्या यशवंतला फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतलं. ‘आईबाप मेले म्हणजे अनाथ’ ही व्याख्या या मुलांना लावून पाहा, त्यातलं एकही तिच्यात बसत नाही. ‘आसरा नाही तो अनाथ’ हा अर्थ घेतला, तर सगळी बसतात.

आता ‘पोरका’. तो मनाचा शब्द आहे. साठीतला माणूस आईला अग्नी देऊन आला की म्हणतो, ‘आज मी पोरका झालो.’ त्याला नातवंडं असतील, घरदार असेल, तरी कोणी त्याला खोडून काढत नाही. नेता गेला की गाव पोरकं होतं, गुरू गेले की शिष्य पोरके होतात. या शब्दाला वयाची अट नाही, पुरावा लागत नाही, आणि तो दुसऱ्याने लावण्यापेक्षा स्वतःबद्दल बोलावा असा आहे. ‘अनाथ’ मात्र बहुतेक वेळा दुसराच कोणी लावतो: शेजारी, बातमीदार, कारकून. म्हणून तो वापरताना जास्त काळजी घ्यायला हवी.

‘निराधार’ हा शब्द आता सरकारी झाला आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, अपंग, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि अठरा वर्षांखालील अनाथ मुलं अशा अनेकांचा समावेश होतो. म्हणजे तिथे निराधार हा मोठा गट आहे आणि अनाथ हा त्याचा एक भाग. बोलण्यात ‘निराधार’ पैशाअडक्याची, पोटापाण्याची ओढाताण सुचवतो. ‘अनाथ’मध्ये माणसाची उणीव असते. श्रीमंत घरातलं मूल अनाथ होऊ शकतं, ते निराधार असेलच असं नाही.

‘बेवारस’ हा शब्द मुलासाठी वापरूच नका. पोलिसांच्या जुन्या नोंदींत आणि बातम्यांत ‘बेवारस अर्भक’ अजूनही दिसतं. बेवारस सामान असतं, बेवारस गाडी असते. मूल ‘सापडलेलं’ असतं किंवा ‘सोडून दिलेलं’ असतं. याच ‘अर्भक’ शब्दाची एक गोष्ट मला फार आवडते. इंग्रजीतला ‘ऑर्फन’ ग्रीक ‘ऑर्फनोस’वरून आला, आणि भाषाशास्त्रज्ञ ग्रीक ‘ऑर्फनोस’ आणि संस्कृत ‘अर्भ’ (लहान, बालक) यांचं मूळ एकच मानतात. म्हणजे आपण ज्या शब्दाने तान्ह्या बाळाला ओळखतो, त्याचाच दूरचा भाऊ तिकडे आईबाप नसलेल्याला लावला जातो.

उर्दू-हिंदुस्तानीतला ‘यतीम’ आपल्याकडे मुस्लिम घरांतून ऐकू येतो. त्याचा परंपरेने अर्थ वयात येण्याआधी बाप गेलेलं मूल असा आहे. आई हयात असली तरी ते यतीमच. तिथे आधार म्हणजे बाप, असं गृहीत आहे. उलट युनिसेफ एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या अठरा वर्षांखालील मुलाला अनाथ धरते. या मोजणीप्रमाणे २०१५ साली जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुलं होती. पण आई आणि वडील दोन्ही गेलेली त्यांत सुमारे १.५१ कोटीच होती. आकडा एवढा बदलतो तो केवळ व्याख्येमुळे. म्हणून ‘जगात एवढे कोटी अनाथ’ अशी ओळ वाचली की आधी विचारा, एक पालक गेलेली मुलं त्यात धरली आहेत का? बहुतेक वेळा धरलेली असतात. त्यांतल्या कितीतरी मुलांची आई त्यांना वाढवत असते.

आता कायदा, कारण ताईंचं खरं काम तिथे आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम २(४२) मध्ये अनाथ मुलाची व्याख्या दोन भागांत आहे. जन्मदाते किंवा दत्तक आईवडील अथवा कायदेशीर पालक नसलेलं मूल, हा पहिला भाग. ज्याचा कायदेशीर पालक त्याचा सांभाळ करायला तयार नाही किंवा समर्थ नाही असं मूल, हा दुसरा. दुसरा भाग नीट वाचा. कायद्यानेही मरणावर सगळं सोडलेलं नाही. सांभाळणारा आहे का आणि तो सांभाळू शकतो का, हाच प्रश्न कायदा विचारतो. शब्दाचा जुना मराठी-संस्कृत अर्थ आणि २०१५ चा कायदा इथे एकमेकांच्या इतके जवळ येतात की मला तो दुसरा भाग कायद्यातलं सर्वांत समंजस वाक्य वाटतं.

कायदा अनाथाशेजारी आणखी दोन शब्द ठेवतो. ‘परित्यक्त’ म्हणजे पालकांनी सोडून दिलेलं आणि रीतसर चौकशीनंतर बालकल्याण समितीने तसं जाहीर केलेलं मूल. ‘अभ्यर्पित’ म्हणजे पालकांनी, त्यांच्या हाताबाहेरच्या शारीरिक, मानसिक किंवा सामाजिक कारणांमुळे, स्वतः येऊन समितीच्या स्वाधीन केलेलं मूल. अशा आईला निर्णय बदलायला दोन महिन्यांची मुदत असते. त्या दोन महिन्यांत परत आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. म्हणून संस्थेत पोहोचलेल्या प्रत्येक बाळाला पहिल्या दिवसापासून ‘अनाथ’ म्हणणं मला सहन होत नाही. त्या आईच्या परतीचा रस्ता आपण शब्दाने बंद करत असतो.

रस्त्यात, दवाखान्यात, स्टेशनवर एकटं मूल सापडलं तर चोवीस तासांच्या आत पोलीस, १०९८ क्रमांकाची चाइल्ड हेल्पलाइन, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणाला तरी कळवणं बंधनकारक आहे. त्यानंतर समिती पालकांचा शोध घ्यायला लावते. शोध लागला नाही तर मूल दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त जाहीर होतं. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी त्याची मुदत दोन महिने आहे, त्याहून मोठ्यासाठी चार महिने. म्हणजे कोण अनाथ आणि कोण परित्यक्त हे ठरवायचा अधिकार समितीचा आहे. शेजाऱ्याचा नाही, संस्थाचालकाचा नाही, शाळेच्या कारकुनाचाही नाही.

ही तीन नावं कागदावर वेगळी आहेत, पण मुलाच्या पोटात फरक नसतो, आणि यावरून महाराष्ट्रात एक महत्त्वाचा वाद झाला. राज्याने २०१८ साली अनाथांसाठी नोकरी आणि शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षण आणलं. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. सोडून दिलेल्या मुलांना ते मिळावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. त्यांचे आईबाप कुठेतरी जिवंत असू शकतात, मग ती अनाथ कशी, असा शासनाचा पवित्रा होता. न्यायालयाने २०२३ साली तो मान्य केला नाही. लाभाच्या दृष्टीने अनाथ आणि परित्यक्त मुलांत असा भेद करता येणार नाही, अशी त्याची भूमिका होती. अगदी बरोबर. ज्या मुलीला आईचं नावही माहीत नाही, तिच्याकडे आईचा मृत्यू दाखला मागायचा तरी कसा?

या आरक्षणाचे सध्याचे निकष महिला व बाल विकास विभागाच्या ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात आहेत. संस्थेत वाढलेली मुलं आणि संस्थेबाहेर, नातेवाइकांकडे वाढलेली मुलं असे दोन गट त्यात आहेत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. ताई, तुमच्या भाच्याचा ‘होय’ मी नाकारला तो यामुळे. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलासाठी आई आणि वडील दोघांचंही निधन त्याच्या अठराव्या वर्षाच्या आत झालेलं असावं लागतं. त्याची आई हयात आहे. उद्या तो मोठा होऊन अर्ज करेल, तेव्हा शाळेच्या दाखल्यातला चुकीचा ‘होय’ त्याच्याच पुढे अडचण होऊन उभा राहील.

त्याच्यासाठी खरी उपयोगाची आहे ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक गमावलेली मुलंही तिच्यात बसतात, अनाथ प्रमाणपत्र लागत नाही. २०२३ पासून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि मूल घरातच, आपल्या माणसांत राहतं. वडिलांचा मृत्यू दाखला, मुलाचा जन्म दाखला, शाळेचं बोनाफाईड, आजीचं आधार आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. समाजकार्यकर्ता घरी येऊन पाहणी करेल, प्रकरण समितीपुढे जाईल. आजीला सोबत न्या. समितीसमोर मुलाचा सांभाळ करणारी व्यक्ती दिसणं फार महत्त्वाचं असतं. आणखी एक गोष्ट, आणि ही पुष्कळ घरांत विसरली जाते: भावाच्या मालमत्तेत मुलाचा वारसाहक्क आहे. घराच्या, शेताच्या, बँकेच्या कागदांवर वारस म्हणून त्याचं नाव लागलं आहे का ते आत्ताच तपासा. काका-मामांची भांडणं सुरू झाली की मुलाचं नाव सगळ्यात आधी गळतं.

कोविडच्या काळात व्याख्येचा हा घोळ राज्यभर दिसला. केंद्राची ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन’ योजना दोन्ही पालक, किंवा उरलेला एकच पालक, किंवा कायदेशीर अथवा दत्तक पालक गमावलेल्या मुलांसाठी होती. वय तेवीस पूर्ण झाल्यावर त्यांना दहा लाख रुपये मिळणार आहेत. महाराष्ट्राने दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव ठेवली. बातम्यांत मात्र सरसकट ‘कोविड अनाथ’ छापून येत होतं. कमावता बाप गेला, आई उरली, अशा घरांना वाटलं की हे पैसे आपल्यालाही मिळणार. त्या बाया कागदपत्रं घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या चढत राहिल्या आणि त्यांना परत पाठवलं गेलं. मथळ्यात ‘एक पालक गमावलेली मुलं’ असं लिहिलं असतं, तर त्या थेट बालसंगोपनाच्या खिडकीशी गेल्या असत्या.

म्हणून लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अपघातात बाप गेला तर ‘दोन चिमुकली अनाथ’ असं लिहू नका. ‘पितृछत्र हरपलं’ असा नेमका आणि सुंदर शब्दप्रयोग आपल्याकडे आहे. ‘अनाथ’ लिहून तुम्ही त्या आईलाच हिशेबातून वजा करता. तसंच, दत्तक गेलेल्या मुलाचा उल्लेख ‘अनाथ मुलगी कलेक्टर झाली’ असा करू नका. दत्तकाचा आदेश झाला त्या दिवसापासून कायद्याने ती त्या आईवडिलांची मुलगी आहे. ‘अनाथाश्रम’ हा शब्दही बाल न्याय कायद्यात नाही. त्यात बालगृह आहे, विशेष दत्तक संस्था आहे, खुलं निवारागृह आहे. बालगृहात राहणाऱ्या कितीतरी मुलांचा एक पालक तरी जिवंत असतो. कोणाचा बाप तुरुंगात असतो, कोणाची आई आजारी, तर कोणाचं घर पुराने नेलेलं. सुटीत ती घरी जातात. त्यांना अनाथ म्हटलं की शाळेत मारामारी होते, आणि मारामारी करणाऱ्या मुलाची बाजू घ्यावी असं मला प्रत्येक वेळी वाटलं आहे.

वाढदिवस साजरा करायला बालगृहात येणाऱ्यांनी ‘अनाथ मुलांसोबत आनंदाचे क्षण’ असं लिहून फोटो टाकू नयेत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायला कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. केक जरूर आणा, मुलांना तो आवडतो. कॅमेरा घरी ठेवा.

मग हा शब्द वापरायचाच नाही का? असं मी म्हणणार नाही. ज्याचं खरोखर कोणी नाही, त्याच्यासाठी तो हक्काचा शब्द आहे. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाला याच शब्दाच्या कागदावर फी-माफी मिळते, वसतिगृह मिळतं, स्पर्धा परीक्षेत जागा मिळते. आईबापांचं नाव, जात, गाव यांतलं काहीच ज्याच्याकडे नाही, त्याला पासपोर्ट काढतानाही हीच नोंद उपयोगी पडते. २०१६ पासून जन्मतारखेचा पुरावा नसेल तर संस्थाप्रमुखाचं पत्र चालतं. तिथे ‘अनाथ’ लिहायला लाजू नये, उलट तो दाखला वेळेत निघेल यासाठी धडपडावं. संस्थेतली मुलं सतरा वर्षांची झाली की हा अर्ज आधी करा, असं मी प्रत्येक अधीक्षकाला सांगत आलो. अठरा उलटल्यावर मूल बाहेर पडतं, फाईल कपाटात राहते आणि मग त्या मुलाला स्वतःचं कोणी नसणं सिद्ध करत हिंडावं लागतं. कागदावर हा शब्द लिहा. जेवताना, खेळताना, ओळख करून देताना तो नको.

आता भाच्याला काय सांगायचं ते. तो दहा वर्षांचा आहे, रकाना त्यानेही वाचला असणार. त्याला बसवून सरळ सांगा: ‘बाबा वारले. आई दुसऱ्या गावी राहते. तुला आजी आणि आम्ही सांभाळतो. शाळेत हेच लिहिलंय.’ आईबद्दल कडवट बोलू नका. ती भेटायला येत असेल तर भेटू द्या, फोन करत असेल तर तो त्याच्या हातात द्या. वर्गात कोणी अनाथ म्हणून चिडवलं तर वर्गशिक्षकांना भेटा, आणि त्याच फेरीत बालसंगोपनाच्या अर्जासाठी बोनाफाईडही मागून घ्या.